बिळांवरच्या केशरी फिती

मी काय काम करतो असं मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं, की मी 'एन्व्हायर्न्मेंटमध्ये आहे' म्हणतो आणि प्रसादाच्या रांगेकडे बघायला लागतो. शेजारचा बँकवाला मान डोलावतो. बहरीनमध्ये तेवढ्यावर भागतं. खरं असं आहे, की गेली एकोणीस वर्षं मी सरडे पकडतो, त्यांतले काही मारतो, आणि त्यांच्या अंगावर आणि पोटात कोण कोण राहतं ते मोजतो. किनाऱ्यावर काही बांधायचं असलं की आधी तिथं काय जगतं याचा अहवाल लागतो. तो आमची कंपनी लिहिते. कंपनी म्हणजे बुसैतीनमधला भाड्याचा एक व्हिला. खाली लॅब, वर ऑफिस, मागे पिकअप उभी करायची फरसबंद जागा.

मारण्याचं आधी सांगतो. वाळूवरचे छोटे सरडे, ज्यांच्या बोटांना झालर असते आणि जे तापल्या वाळूवर एकेक पाय उचलून धरतात, ते फाशानं पकडायचे. काठीच्या टोकाला मासेमारीच्या दोऱ्याचा फास. मानेत गेला की काठी झटकायची. सरडा हवेत गरगरतो, तोंड उघडतो, शेपटी टाकून देतो. शेपटी खाली वळवळत राहते आणि नवा माणूस तिच्याकडेच बघत बसतो. संध्याकाळी, परवान्यात लिहिलेत तेवढे, लॅबमध्ये मारायचे. दोन बोटांत डोकं, सुई छातीत. पाय ताणतात, बोटं फाकतात, खलास. मग कात्री, खालून हनुवटीपर्यंत. काखेत आणि कानाच्या खाचेत बारीक लाल किडे असतात, तिखटाची पूड सांडावी तसे. जठरात गोल जंत, आतड्यात चपटे, डोक्यानं भिंतीला चिकटलेले. चिमट्यानं ओढले तर तुटतात. म्हणून आतडं खाऱ्या पाण्यात ठेवायचं आणि त्यांनी आपणहून सोडायची वाट बघायची.

किनारा कसा चालतो ते मला या पोटांमधूनच कळलं. ओहोटीच्या रेषेवर सडलेलं शेवाळ, वर माश्या, खाली काळे भुंगेरे. भुंगेऱ्याच्या पोटात जंताची अळी. सरडा भुंगेरा खातो, अळी सरड्यात मोठी होते, तिची अंडी लेंडीतून पुन्हा वाळूत पडतात, आणि ती पुन्हा भुंगेरा खातो. पाण्याजवळच्या सरड्यांच्या पोटात गर्दी, आत वाळवंटात राहणाऱ्यांच्या अंगावर गर्दी. जंत यजमानाला सहसा मारत नाही, कारण घर पडलं तर भाडेकरूही मरतो. हे वाक्य मी शाळांमध्ये भाषण करताना वापरायचो. मुलं हसायची.

माझ्या मुलीनं, ती तेव्हा सातवीत होती, एकदा जेवताना विचारलं, "बाबा, डू दे फील इट?"

"नाही गं, झोपतात."

"हाऊ डू यू नो?"

तिची आई म्हणाली, "जेव आधी."

मला माहीत होतं. सुई चुकली तर झोपत नाहीत, आणि सुरुवातीची काही वर्षं माझी बऱ्याचदा चुकायची. पण खोटं बोलताना माझा आवाज बदलत नाही. ही गोष्ट मला स्वतःबद्दल फार आधीपासून ठाऊक आहे.

आता मुख्य सांगतो. ते धबचं आहे.

धब म्हणजे आपण ज्याला सांडा म्हणतो त्याचा अरबस्तानातला थोरला भाऊ. सांड्याचं तेल विकणारे तुम्ही बसस्टँडबाहेर पाहिले असतील, चादर पसरून, माईक लावून. धब हातभर लांब, अंगानं जाड, शेपटीवर काट्यांची कडी. शेपटीचा एक फटकारा बसला की मनगट फाटतं. खातो मात्र पाला. खारट झुडपं खाऊन जास्तीचं मीठ नाकावाटे बाहेर टाकतो, त्यामुळे नाकपुड्यांभोवती पांढरी पूड असते, पीठ चाळून आल्यासारखी. त्याच्या मोठ्या आतड्यात बारीक जंतांचा खच असतो, आणि तरी तो वर्षानुवर्षं धडधाकट जगतो. एका बिळात एक धब. धब मारायला आम्हाला परवानगी नव्हती. मोजायचा, रक्ताचा एक थेंब घ्यायचा, गोचिडी काढायच्या, बिळाबाहेरच्या लेंड्या उचलायच्या आणि सोडून द्यायचा.

चार वर्षांपूर्वी, मार्चअखेरीस, बेटाच्या नैर्ऋत्येला समुद्रालगत आमचं काम चाललं होतं. आमच्या कोकणात खाजण असतं तशी खारवट जमीन, पण हिरवा रंग सगळा काढून घेतलेली. तिच्या मागे किंचित उंचवट्यावर धबची वस्ती होती. वसलेल्या प्रत्येक बिळाशेजारी आम्ही लोखंडी सळई रोवायचो. सळईला केशरी प्लॅस्टिकची फीत आणि नंबर. दुसऱ्या दिवशी त्याच बिळाशी यायचं असतं म्हणून. नियम असा होता, की संध्याकाळी निघण्याआधी सगळ्या सळया उपटायच्या. सकाळी जीपीएस बघून पुन्हा लावायच्या. कारण सुट्टीच्या दिवशी त्या भागात शिकारीची हौस असलेले लोक गाड्या घेऊन येतात. बीळ शोधायला नजर लागते. फीत लावून ठेवली तर नजर लागत नाही. हा नियम कंपनीसाठी मीच लिहिला होता.

चौतीस बिळं होती. सळया उपटायला दीड तास जायचा.

ते काम माझ्याबरोबर ड्रायव्हर करायचा. गुहागरकडचा होता. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मी त्याला अरेतुरे करायचो, तो मला अहोजाहो. नोकरी गाडी चालवायची, पण बिळाच्या तोंडाशी शेपटी घासल्याची खूण बघून मालक घरात आहे की बाहेर गेलाय हे तो लांबूनच सांगायचा. मी एमएस्सी, पण मला ते कधी जमलं नाही.

"ओ सर," तो एकदा धबला पोटाखाली हात घालून धरत म्हणाला, "ह्याचं तेल काढूया. आपण दोघं गावी जाऊन धंदा टाकू. तुम्ही डॉक्टरचा कोट घालून बसा, मी माईकवर बोंबलतो."

"आणि पोलीस आले की?"

"तुम्ही डॉक्टर, तुम्ही आत. मी ड्रायव्हर, मी गाडी काढून पसार!"

आम्ही दोघं इतके हसलो, की धबनं त्याच्या अंगठ्याला चावा घेतला आणि सोडीना. रक्त टपकत होतं तरी तो हसत होता. "सोड रे बाबा, तुझं तेल नको, खलास!"

त्या गुरुवारी मुलीचा शाळेत नाच होता, पाच वाजता. मागचे दोन कार्यक्रम मी चुकवले होते. आम्ही जुफैरला राहतो. तिथं पोचून आंघोळ करून शाळा गाठायची तर साडेतीनला निघायला हवं होतं. तीन वाजून गेले होते.

"सर, फिती काढायला घेऊ?"

"राहू दे आज."

"शुक्रवार-शनिवारची सुट्टी आली सर. गाड्या येतात."

"रविवारी पुन्हा लावत बसायचं का? राहू दे म्हटलं ना. यल्ला, गाडी काढ."

तो क्षणभर उंचवट्याकडे बघत उभा राहिला. मग गाडीत बसला. नाच चांगला झाला. मुलगी दुसऱ्या रांगेत होती.

रविवारी सकाळी लांबून फिती दिसल्या, जागच्या जागी फडफडत होत्या, आणि मला बरं वाटलं. पहिल्या सळईशी पोचलो तर बीळ नव्हतं, खड्डा होता. फावड्यानं खणलेला. कडेला रक्त वाळून काळं झालं होतं आणि त्यावर मुंग्या. दुसऱ्या ठिकाणी बिळाच्या तोंडाला काजळी. गाडीच्या सायलेन्सरला पाइप लावून आत धूर सोडला होता. तिसऱ्यात पाणी ओतलं होतं, चिखल अजून ओला होता, म्हणजे काही जण त्या सकाळीही येऊन गेले होते. मोठे धब नेले होते. लहान होते ते तिथंच टाकलेले, डोकं फावड्याच्या पात्याखाली चेचलेलं. काहींच्या नुसत्या शेपट्या तोडून नेल्या होत्या. एक मादी होती, पोट फाटलेली, अंडी वाळूत सांडलेली, कातडी पिशव्यांसारखी. कोणीतरी त्यांवर पाय देऊन बघितला होता.

चौतीसपैकी चार बिळं शाबूत होती. त्या चारही ठिकाणी सळई वाऱ्यानं आडवी झाली होती आणि फीत वाळूत पुरली गेली होती. ते बघितल्यावर आणखी काही समजून घ्यायचं राहिलं नाही.

"सर, हा जिता आहे." ड्रायव्हर गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या पुढ्यातल्या धबची कंबर मोडली होती. मागचं धड निर्जीव आणि पुढचे दोन पाय वाळू खणत होते, एका लयीत. जिथं बीळ नव्हतं तिथं तो बीळ खणत होता.

"थांब," मी म्हणालो. "हात लावू नको."

मी सुई काढली आणि आधी त्याचं रक्त घेतलं. स्लाइड केली. नंबर टाकला. मग दगड उचलला. पहिला घाव नीट बसला नाही. तिसऱ्याला खणणं थांबलं.

त्यानंतर मी गोचिडी गोळा केल्या. अंग थंड पडलं की गोचीड सोडते आणि दुसरं ऊब असलेलं अंग शोधत निघते. त्या खड्ड्यांमधून बाहेर येत होत्या, वाळूवरून, सरळ आमच्या बुटांच्या दिशेनं. एकेक करून चिमट्यानं उचलल्या आणि स्पिरिटच्या कुपीत टाकल्या. कुठल्या नंबरच्या बिळाजवळ सापडली तेही लिहिलं. माझ्या पायमोज्यांवर चढलेल्यासुद्धा.

"सर, काय करताय?"

"सँपल."

तो उठून गाडीमागे गेला आणि ओकला. परत आल्यावर न सांगता एकेक सळई उपटायला लागला. फिती गुंडाळून पिशवीत भरल्या. दीड तास लागला.

मॅनेजर भारतीय, पण मराठी नाही. ज्यांचा प्रकल्प होता त्यांच्याकडून दुपारपर्यंत त्याला तीन फोन आले होते. ही वस्ती सांभाळायची या अटीवरच त्यांना पुढची परवानगी मिळायची होती. केबिनमध्ये मी एकटा होतो. तो म्हणाला, "मार्कर किसने छोड़े? मुझे एक नाम चाहिए. जिसने छोड़े, वो इस हफ़्ते की फ्लाइट से घर."

मला वाटलं होतं मी थोडा तरी विचार करीन. केला नाही. माझा व्हिसा, मुलीची शाळा, हे सगळं मला नंतर आठवलं, स्वतःला समजवायला. त्या क्षणी फक्त तोंड उघडलं आणि वाक्य तयार होतं. मी म्हणालो, ड्रायव्हरला काढायला सांगितलं होतं, मी गाडीत बसून डेटा भरत होतो, त्यानं काढल्या असतील असं धरून चाललो. मॅनेजर लिहून घेत होता. ते पुरेसं वाटलं नाही म्हणून मी पुढे म्हणालो, "वो इसके तेल की बात करता था. धंदा करने की."

मॅनेजरचं पेन थांबलं. त्याला ड्रायव्हर निष्काळजी वाटत होता, तो आता चोर झाला.

मागच्या फरसबंद जागेत ड्रायव्हर पिकअप धूत होता. मॅनेजर त्याला हिंदीत म्हणाला, सर सांगतायत तुला मार्कर काढायला सांगितले होते. ड्रायव्हरनं पाण्याची नळी खाली ठेवली. माझ्याकडे बघून तो हसला. खरंच हसला. मी आता काहीतरी सांगून हे सरळ करणार, असं त्याला वाटलं.

"नाय ओ. सरच म्हणाले राहू दे म्हणून. सर, सांगा ना त्यांना."

मी पुढे झालो आणि त्याच्या मुस्काटात मारली. सगळ्या जोरानं. "खोटं बोलतोस?" मी ओरडलो. मराठीत, कारण ते त्याच्यासाठी होतं. ओल्या फरशीवर त्याचा पाय सरकला आणि पिकअपच्या मागच्या फळीचा कोपरा भुवईत घुसला. रक्त डोळ्यात गेलं, तिथून हनुवटीवरून फरशीवरच्या साबणाच्या पाण्यात. वरच्या खिडकीत ऑफिसमधली दोन माणसं उभी होती. मॅनेजरनं मला मागे ओढलं.

या मारण्यानं माझं काम झालं. कोणी पुन्हा चौकशी केली नाही. दोषी माणूस चिडून हात उचलत नाही, असं लोकांना वाटतं. वरून मला दोन जण म्हणालेही, सर, शांत व्हा, असल्या लोकांसाठी बीपी वाढवू नका.

त्याच्या भुवईला टाके पडले. आठवड्याभरात व्हिसा रद्द झाला. सनाबिसच्या एका लाँड्रीत त्याच्याच वाडीचा चुलतभाऊ काम करत होता. त्यानं घरी फोन केला आणि बातमी ड्रायव्हरच्या आधी गावात पोचली: जनावरं विकायचा, पकडला, मार खाल्ला, हाकलला. अहवालात 'फील्ड असिस्टंटने सूचना न पाळल्यामुळे' असं वाक्य आहे. ते मी टाइप केलं आहे. घरी बायकोला सांगितलं, ड्रायव्हरनं गडबड केली, काढला. ती भाजी निवडत होती. "तो? आपल्याला आमरसाचे डबे आणून दिलेले, तो?" एवढंच म्हणाली.

त्यानंतर माझा हात थरथरायला लागला, झोप उडाली, असं काही झालं नाही. हे लिहिणं भाग आहे, कारण वाचणाऱ्याला तसं वाटेल. उलट लॅबमध्ये माझ्या हाताला सफाई आली. सुई चुकेनाशी झाली.

मागच्या वर्षी मुलीनं बारावीच्या प्रोजेक्टसाठी किनाऱ्यावरचे प्राणी हा विषय घेतला. माझे जुने अहवाल तिनंच लॅपटॉपमधून काढले. एका संध्याकाळी खोलीतून बाहेर आली.

"बाबा, हा फील्ड असिस्टंट, इज ही द मँगो अंकल?"

"हो."

"बट ही लव्ह्ड दोज थिंग्ज. ही यूज्ड टू शो मी फोटोज. व्हाय वुड ही लीव्ह द फ्लॅग्ज?"

मी म्हणालो, माणूस आहे, होते चूक. आवाज नेहमीसारखाच होता. ती म्हणाली, "ओके." तिला पटलं नव्हतं. तिनं प्रोजेक्टमध्ये ते वाक्य घेतलं नाही. मी चोरून बघितलं.

मे महिन्यात सुट्टीवर भारतात आलो तेव्हा मी बायकोला मित्राकडे जातो सांगून गुहागरला गेलो.

तो शाळेच्या मुलांची रिक्षा चालवतो आता. सुट्टी होती, रिक्षा अंगणात फणसाखाली उभी होती आणि तो तिची सीट शिवत बसला होता. भुवईतून पांढरी रेघ गेलेली, तिथं केस आलेले नाहीत. मला बघून तो उठला नाही.

"तुम्ही कसे आहात?" मी विचारलं. 'तुम्ही' कसं आलं मला कळलं नाही.

"आता तुम्ही झालो काय मी?" तो म्हणाला. सुई दाभणासारखी सीटमध्ये खुपसून ठेवली. "बोला."

मी सांगायला सुरुवात केली. त्याच्या बायकोनं पाणी आणून ठेवलं आणि दारातच थांबली. दोन वाक्यं झाली असतील, तो म्हणाला, "हितं नको. मला कशाला सांगता? मी तर होतोच की तिथं. चला."

रिक्षातून त्यानं मला एसटी थांब्यावरच्या चहाच्या टपरीत नेलं. बाकावर सहा-सात माणसं होती. लाँड्रीतला चुलतभाऊ आता कायमचा परत आलेला, तोही होता. "हे माझे बहरीनचे सर," ड्रायव्हर म्हणाला. "त्यांना काय सांगायचं आहे. ऐका."

सगळे माझ्याकडे वळले. चहावाल्यानं गॅस बारीक केला. मला वाक्य येत होतं. वाटेत, एसटीत, चार तास तेच घोळवलं होतं. मी म्हणालो, "नमस्कार. तेव्हा कंपनीत थोडा गैरसमज झाला होता. यांची तशी काही चूक नव्हती."

"मग मारलान कुणी?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"त्या वेळी वातावरण जरा गरम होतं," मी म्हणालो.

चुलतभाऊ चहाच्या ग्लासात हसला. "वातावरण! वातावरणानं मारलान रे तुला!" आणि बाक हसला.

ड्रायव्हर हसला नाही. "झालं?" त्यानं मला विचारलं. मी मान डोलावली. रिक्षातून मला चिपळूणच्या गाडीपर्यंत सोडलं. उतरताना मी हात पुढे केला, तो त्यानं बघितला नाही.

"तोंडानं जमत नाय तुम्हाला," तो म्हणाला. "लिहायला येतं ना? रिपोर्ट लिहिता. मग लिहा. मराठीत. इंग्रजीत खोटं लिहिलंत, मराठीत खरं लिहा."

लिहिलं. जुफैरच्या घरी, एका शुक्रवारी, दुपारभर. कागदावर पेननं, त्याच्या नावासकट, माझ्या सहीसकट. फिती मी ठेवायला सांगितल्या. तेलाची गोष्ट त्याची थट्टा होती, ती मी पुरावा म्हणून वापरली. त्यानं खरं सांगितलं म्हणून मी त्याच्या तोंडात मारली. एक प्रत मॅनेजरला दिली. त्यानं वाचून दाखवायला सांगितलं, मी हिंदीत वाचून दाखवलं. त्यानं कागदाची घडी घातली. मग म्हणाला, फाइल बंद झालेली आहे, तुम्ही ती उघडताय, पुढचं मी वर कळवीन. अजून उत्तर आलेलं नाही. माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होईल. दुसऱ्या प्रतीचा फोटो काढून मी ड्रायव्हरला पाठवला.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर तासाभरानं आलं. दोनच शब्द होते.

'लाथ राहिली.'

मी हे बायकोला, मुलीला, कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि वर लिहितानाही टाळून पुढे गेलो आहे. तो पडल्यावर मॅनेजरनं मला लगेच ओढलं नाही. मध्ये वेळ होता. ड्रायव्हर एका हातानं डोळा दाबून, दुसरा हात फरशीवर टेकून उठायला बघत होता आणि म्हणत होता, "सर, मी आहे सर, मी आहे." जणू मी त्याला ओळखलं नाही, म्हणून मारतोय. मला ते शब्द बंद व्हायला हवे होते. मी त्याच्या बरगडीत बुटानं लाथ घातली. एकदा, आणि तो आडवा झाल्यावर पुन्हा. त्याच्या तोंडून हवा गेल्याचा आवाज आला. मग मॅनेजरनं ओढलं. दुसऱ्या लाथेत राग नव्हता, भीतीही नव्हती. मारता येतंय म्हणून मारली.

मी पत्र पुन्हा लिहिलं. दोन्ही लाथा लिहिल्या, आणि तो काय म्हणत होता तेही. मॅनेजरकडची प्रत बदलली. नव्या पत्राचा फोटो पाठवायच्या आधी ड्रायव्हरला फोन केला.

"फोटो नको," तो म्हणाला. "पाच मिनिटं थांबा." रिक्षाचा आवाज आला, मग माणसांचा, ग्लास आपटल्याचा. "स्पीकरवर ठेवलाय. वाचा आता."

मी उभा राहून वाचलं. मुलगी खोलीच्या दारात आली होती, तिला मराठी वाचता येत नाही, पण ऐकलेलं सगळं समजतं. मी तिला जा म्हणालो नाही. तिच्या आईनं कुकरखालचा गॅस बंद केला. दीड पान होतं. लाथांपाशी आवाज बदलला, पहिल्यांदाच, आणि मला थांबून ते वाक्य दोनदा वाचावं लागलं.

वाचून झालं. मग त्या म्हाताऱ्याचा आवाज आला, फोनपासून लांब, "आणि आपण ह्याला चोर म्हणत होतो." कोणीतरी मला आईवरून शिवी दिली. चुलतभाऊ काहीतरी पुटपुटला. ड्रायव्हर त्याला म्हणाला, "आता बोल की. तेव्हा लई बोललास."

मी वाट बघत होतो.

"सर," ड्रायव्हर फोन जवळ घेऊन म्हणाला, "ठेवतो. शाळा सुटायची वेळ झाली, पोरं उन्हात उभी असतील."